चावलेली काठी

आमच्या गाडीला आवाज येऊ लागला आहे असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा बायकोने चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे नवीन आवाज का?"

तिचंही बरोबर होतं. दारं करकरत, काचा खुळखुळत, मागची सीट कुणी बसलं की उसासा टाकी. ही गाडी आमच्या लग्नाच्या आधीपासून माझ्याकडे आहे, त्यामुळे बायको तिला 'थोरली' म्हणते. थोरलीला नवी बॅटरी आली, थोरलीला आंघोळ घातली वाटतं, थोरलीच्या पायातले जोडे बदलले पण माझी चप्पल तीच, असं आमच्याकडे चालतं. पण हा आवाज खरोखरच नवीन होता. टक, टक, टक, टक. सभ्य आणि नियमित. कुणी शिष्ट पाहुणा दाराशी उभा आहे आणि आत घेतल्याशिवाय हलणार नाही, तसा. मी वेग वाढवला की पाहुण्याची घाई वाढे, मी थांबलो की तोही दमाने घेई. जात मात्र नव्हता.

चुलत मेव्हण्याच्या सल्ल्याने मी गाडी एका काचेच्या भिंतींच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे फरशी इतकी स्वच्छ होती की चप्पल बाहेर काढावी की काय असं वाटलं. टाय लावलेले एक गृहस्थ आले, चार हात लांब उभे राहिले, मान किंचित कलती केली आणि म्हणाले, "तळाचं बेअरिंग गेलं. इंजिन उतरवावं लागेल."

"हात न लावता कळलं?"

"आवाज तळातून येतोय. आणि खरं सांगू का, या वयाच्या गाडीचं इंजिन उतरवण्यापेक्षा गाडीच उतरवलेली बरी."

म्हणजे भंगारात. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको चक्क गप्प बसली. सवतीच्या दुखण्यात थट्टा करू नये एवढं सौजन्य तिच्यात आहे. मग तीच म्हणाली, "अहो, मिस्त्रींना का नाही दाखवत? पंधरा वर्षं त्यांनीच तर तिला जगवलंय."

मी दाखवलं नव्हतं याचं कारण साधं होतं. मिस्त्रींकडे जायचं तर आवाज तोंडाने काढून दाखवावा लागतो, आणि माझी तयारी झाली नव्हती.

हे जरा समजावून सांगायला हवं. मिस्त्रींचं गॅरेज लॉन्ड्री आणि सुताराचं दुकान यांच्या मधल्या बोळात आहे. वर त्यांच्या राहत्या दोन खोल्या, खाली एक गाडी मावेल एवढी जागा, आणि त्या गाडीच्या पोटाखाली उतरायला एक खड्डा. दारावरच्या पाटीवर कधी काळी त्यांचं नाव होतं. उन्हाने ते खाल्लं आणि 'दुरुस्ती' एवढाच शब्द ठेवला, तेव्हापासून त्यांना सगळे नुसते मिस्त्रीच म्हणतात. माणूस साठीचा, काटक, कमी बोलणारा. अंगाच्या मानाने कान मात्र एक माप मोठे. ते कान पाहिले की बोळातल्या लोकांना कसा धीर येई. देवाने ज्याला त्याला लागेल ती हत्यारं देऊनच पाठवलंय असं वाटे.

कुणी म्हणालं, "मिस्त्री, गाडीत आवाज येतोय," की ते लगेच बॉनेट उघडत नसत. पुढ्यात उभे राहत, तोंडाकडे टक लावून बघत आणि म्हणत, "काढा."

"काय?"

"आवाज. तोंडाने."

मी त्या बोळात भल्याभल्या माणसांना घोगऱ्या आवाजात 'गुर्र खट, गुर्र खट' करताना पाहिलेलं आहे. निवृत्त न्यायाधीशांनी एकदा दोन मिनिटं 'फस्स' करून दाखवलं आणि वर म्हणाले की हे मी माझ्या स्मरणाप्रमाणे सांगतो आहे. एका बाईंनी सांगितलं, "आमच्या ह्यांच्या घोरण्यासारखा, पण मधे मधे विचार करणारा." मिस्त्रींनी त्यांच्या ह्यांनाच बोलावून घेतलं असतं, पण तोवर त्यांना कळलं होतं. सायलेन्सरचा पत्रा फाटला होता.

दुसरा प्रश्न ठरलेला. "आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीला काय केलंत?"

यावर प्रत्येक माणूस "काहीच नाही" म्हणतो. मिस्त्री मग काही बोलत नसत. हात पुसत उभे राहत. त्या शांततेत माणूस आपोआप वितळायचा. "म्हणजे तेल बदललं, पण ते काही करणं म्हणत नाहीत ना?" किंवा, "मुलाच्या गोट्या राखदाणीत ठेवल्या होत्या, त्याचा काही संबंध?" निम्मे रोग इथेच बरे होत.

उरलेल्यांसाठी काठी होती. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, कुठल्या तरी मोडक्या खुर्चीच्या पाठीतून शेजारच्या सुताराने काढून दिलेली. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असे. मिस्त्री मालकाला गाडीत बसवत, इंजिन चालू करायला लावत, आणि ती काठी घेऊन बॉनेटखाली शिरत. पुढचं आम्हाला कधी दिसलं नाही, कारण उघडलेलं बॉनेट आमच्या आणि त्यांच्या मधे भिंतीसारखं उभं असे. वर आले की एका वाक्यात निकाल लागायचा. तिसऱ्या सिलिंडरचा मागचा व्हॉल्व्ह सैल आहे. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग महिनाभर टिकेल. उघडून पाहावं तर तिसऱ्याचा मागचाच. पंप बंद पडला तो महिना पुरा व्हायला दोन दिवस कमी असताना. मी पंधरा वर्षं हे पाहत होतो आणि दर वेळी माझं तोंड उघडं पडत होतं. डॉक्टर निदान आपल्याला 'आ करा' तरी म्हणतात.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. त्या काठीचं एक टोक चावलेलं होतं. चांगलं खोल. मला वाटे, यांच्याकडे कुत्रं असावं. पंधरा वर्षांत ते कुत्रं मला दिसलं नाही, पण मी म्हटलं, असेल लाजाळू.

तर आंघोळीच्या वेळी चार दिवस सराव करून, आवाज नीट बसवून, शनिवारी दुपारी मी थोरलीला घेऊन बोळात शिरलो. पाहतो तर शटर अर्धं खाली. काठी खिळ्यावर, मिस्त्री स्टुलावर, हात मांडीवर. त्यांचे हात कोरडे मी प्रथमच पाहिले. लॉन्ड्रीवाल्यांच्या हातांइतके पांढरे पडले होते.

"मिस्त्री, गाडी आणलीय."

"घेऊन जा, सर." मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून सर.

"अहो, ते काचेच्या वर्कशॉपवाले तळ गेला म्हणतायत. तुम्ही आवाज तरी ऐका."

"तोच ऐकू येत नाही आता."

मला वाटलं गंमत करतायत. मी पुढे होऊन, पाय जुळवून, मेहनतीने बसवलेला आवाज काढला. टक, टक, टक. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"ओठ टक म्हणतायत," ते म्हणाले. "पण आवाज टिक आहे का ठक आहे, ते ओठांवरून नाही कळत, सर. टिक असेल तर दहा मिनिटांचं काम. ठक असेल तर इंजिन खाली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपूर्वी एक टॅक्सीवाला आला होता. मिस्त्रींनी काठी लावली, ऐकलं आणि सांगितलं, वरचे टॅपेट थोडे सैल आहेत, सवडीने ये, चालव तोवर. व्हॉल्व्ह उघडमीट करणारे ते टॅपेट सैल झाले तर नुसती टिकटिक होते, जिवाला धोका नसतो. पण टॅक्सीचा आवाज टॅपेटचा नव्हताच, तळाच्या बेअरिंगचा होता. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात इंजिनातला पिस्टनचा दांडा कवच फोडून बाहेर आला. माणसांना खरचटलंही नाही, पण टॅक्सीवाला तो वाकलेला दांडा पिशवीत घालून गॅरेजमध्ये आला, बाकावर ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री, माणूस आहे, व्हायचंच."

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी रात्रीचा दिवस न करता, अगदी सावकाश, एकेक बोल्ट तपासून त्याचं इंजिन पुन्हा बांधून दिलं. आणि शटर खाली ओढलं. गॅरेजची किल्ली सोमवारी सुताराला द्यायची ठरली होती. त्याला लाकडं ठेवायला जागा कमीच पडत होती.

"कान गेले म्हणून गॅरेज सोडता?"

"मग काय डोळ्यांनी ऐकू? अडतीस वर्षं लोक माझ्या शब्दावर गाड्या चालवतायत. बायकापोरं बसवतायत गाडीत. उद्या दुसरा दांडा बाहेर आला आणि कुणाला लागलं तर?"

इतक्यात वरून त्यांची मुलगी उतरली. ती एका कानाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासते. हातात कागद होता आणि बोटभर लांबीची एक डबी. मागोमाग मिस्त्रींची बायको, आमच्या वहिनी, चहा घेऊन.

"काका, तुम्हीच समजवा यांना," मुलगी म्हणाली. "ही डबी चार दिवस झाले तशीच पडलीय. कानात घालायचं मशीन आहे, विंचू नाही."

"मशीन लावलेल्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणेल?" मिस्त्री म्हणाले.

"आता नाहीतरी कोण आणतंय, शटर खाली असताना?"

मुलीने कागद माझ्यासमोर धरला. त्यावर दोन रेघा होत्या. एक वरच्या अंगाने सरळ चाललेली, दुसरी खाली लोंबलेली. खालची रेघ कानातून ऐकण्याची, म्हणाली. अर्धंमुर्धंच. कानाच्या पडद्यामागे बारीक हाडं असतात, ती आखडलीत. "आणि वरची रेघ हाडातून ऐकण्याची. कानामागे हाडावर एक लहानशी चकती दाबून धरतो आम्ही, आवाज थेट डोक्याच्या हाडात जातो. ते यांना तुमच्या-माझ्याइतकं स्वच्छ ऐकू येतं."

"मग हे कधी झालं?"

"आठ-दहा वर्षं तरी झाली असतील. ही हाडं काही आठवड्यात आखडत नाहीत."

"खोटं," मिस्त्री म्हणाले. "गेल्या महिन्यापर्यंत मी ठणठणीत होतो. दहा वर्षं बहिरा असतो तर इतकी इंजिनं कशी ऐकली?"

"तेच तर मला कळत नाहीये, बाबा."

वहिनींनी कप खाली ठेवला. "दहा वर्षं?" त्या म्हणाल्या. "म्हणजे मी वरून हाका मारायचे, सामान आणायला सांगायचे, ते यांना खरंच ऐकू येत नव्हतं? मला वाटायचं मुद्दाम करतात. दहा वर्षांचे टोमणे फुकट गेले की हो माझे."

मिस्त्रींना हेही नीट ऐकू गेलं नसावं. ते चहाकडे बघत होते. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. मग तिने एक गोष्ट केली. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, हात फडक्याला पुसल्यासारखे केले आणि अगदी त्यांच्या ठेक्यात, त्यांना ओठ दिसतील असं विचारलं, "आवाज बंद व्हायच्या आधी काय केलंत?"

"काहीच नाही," मिस्त्री म्हणाले.

मला हसू आवरेना. अडतीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाने त्यांना हेच उत्तर दिलं होतं. मुलगी हसली नाही. बापाची लेक. नुसती उभी राहिली. बोळात लॉन्ड्रीच्या इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला, सुताराचा रंधा दोनदा सरकला.

"दात काढला," मिस्त्री म्हणाले. "पण ते काही..."

"कुठला?"

त्यांनी गालाला बोट लावलं. उजवीकडची दाढ. दाताच्या डॉक्टरांनी तीन आठवडे त्या बाजूने काही चावायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि दुखत इतकं होतं की डाव्या बाजूनेही तोंड मिटवत नव्हतं.

"टॅक्सी आली तेव्हा काठी कशी धरलीत?"

"हाताने. कानाला लावली. शिकायला होतो तेव्हा धरायचो तशी."

"आणि त्याआधी? इतकी वर्षं?"

मिस्त्री खिळ्याकडे बघू लागले. आम्ही तिघेही बघू लागलो. काठी तिथे लटकत होती, चावलेलं टोक खाली. माझ्या डोक्यातलं ते लाजाळू कुत्रं त्या क्षणी कायमचं निघून गेलं.

"दातात," मिस्त्री सावकाश म्हणाले. "एक हात पान्याला, एक ॲक्सिलरेटरच्या तारेला लागायचा. म्हणून दातात धरायचो. नुसती पकड म्हणून."

कान हळूहळू मिटत गेले तशी त्या माणसाची काठी कानापासून गालाकडे, गालाकडून जबड्याकडे, जबड्याकडून दातांकडे सरकत गेली होती, आणि त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. तो समजत होता कान ऐकतायत. दहा वर्षं त्याची कवटी ऐकत होती. ते मोठाले कान बिचारे नुसते शोभेला होते.

"सर," मिस्त्री उठले. "गाडी आत घ्या."

पण या वेळी गाडीत मुलगी बसली, आणि पंधरा वर्षांत प्रथम मी बॉनेटच्या पलीकडे, मिस्त्रींच्या बाजूला उभा राहिलो. इंजिन चालू झालं. टक, टक, टक. मिस्त्रींनी काठी फडक्याने पुसली आणि डाव्या दाढांमधे धरली. दुसरं टोक इंजिनाच्या पोटावर टेकवलं, आणि डोळे मिटले.

मी पुष्कळ चेहरे पाहिलेले आहेत. परीक्षेच्या वर्गात तीस वर्षं उभा राहतो, चेहरेच पाहतो. पण अनेक दिवसांनी ओळखीच्या घराचं दार उघडावं आणि आतली माणसं जागच्या जागी भेटावीत, तसा चेहरा मी दुसरा पाहिला नाही. कपाळावरच्या आठ्या एकेक करून मोकळ्या झाल्या. मग त्यांनी डोळे न उघडता बोट वर केलं आणि काठी तोंडात ठेवूनच म्हणाले, "ऊं ऊं ऊंऊं."

"प्लगच्या वायरी काढतो म्हणतायत," वहिनी म्हणाल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना याची सवय होती.

एकेका सिलिंडरच्या प्लगची वायर काढायची, म्हणजे त्या सिलिंडरला सुट्टी. तळाचं बेअरिंग गेलं असेल तर त्याच्या सिलिंडरवरचा भार हटला की आवाज दबतो. मुलीने इंजिन चालू ठेवलं, मिस्त्रींनी लाकडी चिमट्याने पहिली वायर काढली. इंजिन लंगडलं, आवाज तसाच. दुसरी, तिसरी, चौथी. पाहुणा आपला दार वाजवतोच आहे. मिस्त्रींनी काठी तोंडातून काढली.

"तळ नाही वाटत," म्हणाले. आणि थांबले. "टॅक्सीच्या वेळीही मी तळ नाही म्हणालो होतो."

ते बाकाशी गेले. परवापर्यंत वाकलेला दांडा होता त्या जागेकडे एकदा बघून त्यांनी फळीवरून एक दिवा काढला. पहिल्या प्लगच्या वायरीला जोडला की प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा. मला म्हणाले, "सर, हे नीट बघा, कारण मला आज साक्षीदार हवाय. इंजिनात फिरणारे दांडे दोन. तळाचा दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्हवाला एकदा फिरतो. हा दिवा तळाच्या दोन फेऱ्यांत एकदाच लागतो. आवाज दिव्यागणिक एकदा आला तर तळ निर्दोष. दिव्यागणिक दोनदा आला तर काचवाले खरे, आणि मी किल्ली आजच देतो."

दिवा माझ्या हातात दिला. काठी दातात. डोळे मिटलेले. उजव्या हाताचं बोट त्यांनी मडगार्डवर ठेवलं आणि दाढेत ठोका जाणवेल तसं आपटायला सुरुवात केली. सेकंदाला पाच-सहा तरी. माझ्या डोळ्यांसमोर दिवा लखलखत होता आणि खाली त्यांचं काळवंडलेलं बोट हलत होतं. मिटल्या डोळ्यांनी. दिवा त्यांना दिसत नव्हता. तरी दिवा लागला की बोट खाली, दिवा लागला की बोट खाली. मी वीस मोजले, चाळीस मोजले, पुढे मोजायचं विसरलो. एकदाही चुकलं नाही, एकदाही जास्तीचं पडलं नाही. भूगोलाच्या माणसाला पृथ्वी फिरते हे पाठ असतं. ती फिरताना हाताला लागावी, तसं मला झालं.

"एकदा," मी ओरडलो. "मिस्त्री, एकदाच."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्यासमोर एक बोट धरलं. ते डोळे उघडून त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले.

पुढचं काम शिकाऱ्यासारखं झालं. व्हॉल्व्हच्या झाकणावर आठ जागा, आठही ठाकठीक. मग काठी इंजिनाच्या कुशीला आली. तिथे पेट्रोल ओढणारा मुठीएवढा पंप दोन बोल्टांवर बसवलेला असतो आणि व्हॉल्व्हवाल्या दांड्याचा रेटा खाऊन चालतो. काठी टेकली मात्र, मिस्त्रींची मान चटका बसल्यासारखी मागे आली.

"इथे," ते म्हणाले. आणि मग काठी माझ्यापुढे केली. "बघा, सर."

मी रुमाल काढला आणि त्यांना दिसू नये अशा बेताने टोक पुसलं. त्यांना दिसलं. "घासा, घासा," म्हणाले, "दहा वर्षांचं आहे."

मी ती काठी चावली.

काय सांगू. बाहेर जे नुसतं इंजिन होतं, ते आत शिरलं. कानात नाही, कपाळामागे. एक मोठा वाडगा भरून ठोके, घसटणं, सुस्कारे, त्याखाली कुठेतरी तेल वाहिल्याची अखंड सळसळ, आणि व्हॉल्व्ह आठजण आठ पावलांनी एकाच जिन्यावरून उतरतायत. पंधरा वर्षं मी या गाडीत बसलो आणि मला वाटत होतं की ती जुनी झाली. आतमधे ती एखाद्या तरुण कारखान्यासारखी राबत होती. आणि त्या सगळ्या शिस्तीत एकच उद्धट टक, टक, दाढेच्या मुळाशी, इतका जवळ की मी तोंडावर हात नेला.

मिस्त्रींनी पंप काढला. आतली तरफ टोकाशी झिजून पातळ झाली होती आणि तिची स्प्रिंग तुटून दोन तुकडे. पंपाच्या जागी त्यांनी पत्र्याची चकती बसवली, पेट्रोलची नळी बांधून टाकली. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल पाऊण मिनिट पुरेल, म्हणाले, तेवढंच बास. मुलीने चावी फिरवली.

इंजिन चालू झालं. मिस्त्रींनी काठी उचलली नाही. ते माझ्याकडे वळले.

"काय ऐकू येतं, सर?"

"काही नाही."

"नीट ऐका."

मी नीट ऐकलं. वहिनींनी ऐकलं. सुतार रंधा थांबवून दारात येऊन उभा होता, त्यानेही ऐकलं. इंजिनाचा मऊ गुरगुराट, बाकी काही नाही. पाहुणा गेला होता. मग पेट्रोल संपलं, गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. मिस्त्री स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही तळहात तोंडावर घेतले. तळहात पुन्हा काळे झालेले होते, ते चेहऱ्याला लागले, कुणी सांगितलं नाही.

मुलीने हळूच ती डबी त्यांच्या मांडीवर ठेवली. "हे माणसांसाठी, बाबा," ती म्हणाली. "इंजिनांना तुम्ही आहात तसे चालता."

"सोमवारी किल्ली?" सुताराने विचारलं.

"किल्ली नाही. काठी हवी," मिस्त्री म्हणाले. "ही डावीकडून बसत नाही नीट. जरा बारीक कर."

मी सोमवारी नवा पंप बसवून घ्यायला गेलो तेव्हा बायकोही आली. मिस्त्रींच्या कानात मशीन होतं. समोर एक गिऱ्हाईक जीव तोडून 'घर्र टिक, घर्र टिक' करत होतं आणि मिस्त्री ते चेहऱ्यावर दुःख आणून ऐकत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाले, "सर, हे लोक इतकी वर्षं इतके वाईट आवाज काढत होते?" वरून वहिनी काहीतरी पुटपुटल्या. मिस्त्रींनी मान वर करून उत्तर दिलं. वहिनी चपापल्या. आता त्यांना बोलताना जपावं लागणार होतं.

पंप बसला. मिस्त्रींनी मशीन काढून खिशात ठेवलं, नवी काठी दातात धरून इंजिन एकदा वरपासून तळापर्यंत ऐकलं, आणि मान डोलावली. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, जुनी चावलेली काठी खिळ्यावरून काढून त्यांनी माझ्या बायकोपुढे केली.

तिने माझ्याकडे पाहिलं. आता ही काहीतरी बोलणार म्हणून मी तयार राहिलो. पण तिने पदराने टोक पुसलं, थोरलीवर वाकली आणि काठी दातांत धरली. बराच वेळ ती हललीच नाही. मी काही विचारलं तर तिने हाताने मला गप्प केलं.

परतताना अर्धा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. मग गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाली, "अहो, थोरलीचं काळीज अजून कसलं धडधाकट आहे हो."

आणि हात तिथेच ठेवला, घर येईपर्यंत.